तक्तपोशीखाली

भूतखेत, संकेत, पूर्वसूचना असलं मी कधी मानलं नाही. सिव्हिल इंजिनिअर आहे – भिंतीला तडा दिसला की तो कशामुळे गेला ते शोधायचं, एवढंच मला येतं. तरी हे लिहितेय, कारण आता लपवण्यासारखं वय राहिलं नाही...

नव्वदच्या दशकाची अखेर. माझं बालपण दिल्लीत, लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं, बाबा रिटायर झाल्यावर आम्ही मयूर विहारच्या फ्लॅटमध्ये आलो. मी नोएडातल्या एका लहानशा कन्सल्टन्सीत होते. आमच्याकडे जुन्या दिल्लीतल्या एका गल्लीच्या सुधारणेचं काम आलं – चावडी बाजारच्या मागे. प्रत्येक घर आतून बघायचं आणि फॉर्मवर लिहायचं : दुरुस्ती की पाडणे.

हिवाळ्यातली सकाळ, अकराचा सुमार. घर एका रिटायर्ड शिक्षकांचं, सगळे त्यांना मास्टरजी म्हणत. आतल्या खोलीत त्यांच्या पत्नी लाकडी तख्तावर – हिंदीत त्या पलंगाला तख्तपोशही म्हणतात – पडून असायच्या. लकव्याने दोन वर्षांपूर्वी वाचा गेलेली. बाई म्हणून तिथे मलाच पाठवलं. मी भिंतीकडे तोंड करून माप घेत होते आणि मागून स्वच्छ मराठीत ऐकू आलं,

"तक्तपोशीखाली उभी राहू नकोस."

वळले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्या एकटक माझ्याकडे बघत होत्या.

मराठी? इथे? वर तो शब्दही मला कळला नाही – आमची घरची मराठी म्हणजे अर्धी हिंदीच. घाबरून अंगणात आले आणि मास्टरजींना सांगितलं की त्या काहीतरी बोलल्या, तख्त की तख्तपोश असं काही. ते चहा तसाच ठेवून उठले. उन्हात यायचं असेल तिला, म्हणाले. शेजारच्या दुकानातून दोघांना हाक मारली आणि आम्ही चौघांनी त्यांना तख्तासकट अंगणात आणलं.

मी टेप आणायला वळले. दारापर्यंतही पोचले नव्हते... आणि छत खाली आलं. नेमकं तख्त होतं त्या बाजूचं. फळ्या, माती, एक अख्खी तुळई.

संध्याकाळी आईला विचारलं, तक्तपोशी म्हणजे काय? ती पोळ्या लाटत होती. "फळ्या ठोकलेलं लाकडी छत. माझ्या आजोळी होतं," म्हणाली, आणि लाटणं थांबवून विचारलं, "तू कुठे ऐकलास गं हा शब्द? या घरात मी कधी उच्चारलासुद्धा नाही."

भास म्हणावा, तर जो शब्द मला ठाऊकच नव्हता तो माझ्या मनाने आणला कुठून?

फॉर्मवर मी 'पाडणे' लिहिलं. दुसरं काही लिहिताच आलं नसतं. महिन्याभराने मास्टरजी मुलाच्या नव्या फ्लॅटवर, गाझियाबादकडे राहायला निघाले तेव्हा मी गेले होते. सामान टेम्पोत चढलं होतं, पत्नीला सुनेने पुढच्या सीटवर टेकवून बसवलं होतं. त्या दिवसानंतरही त्यांच्या तोंडून अक्षर निघालं नव्हतं.

मास्टरजींनी मला बाजूला घेतलं. त्यांना एकच विचारायचं होतं – आवाज कसा होता? दोन वर्षं त्या आवाजासाठी तरसले होते बिचारे. मी आठवून, होता तसा सांगितला : जाडसर, जरा घोगरा, चांगल्याच म्हाताऱ्या बाईचा.

त्यांनी टेम्पोकडे, पत्नीकडे वळून पाहिलं.

"नहीं बेटा," हळूच म्हणाले, "इनकी आवाज़ तो बहुत महीन थी."

त्या खोलीत आणखी कोण होतं, आणि ते माझ्याशी मराठीत का बोललं... मला आजही सांगता येत नाही.