मेजरांचा सल्ला

मेजरांच्या डाव्या हाताला तीनच बोटं होती. बाकीची दोन सीमेवरच्या दरीत राहिली. युद्ध संपल्यावर दोन्ही बाजूंनी पेरून ठेवलेले सुरुंग काढायचं काम त्यांच्या तुकडीकडे आलं होतं. पोटावर झोपायचं, सळई तिरकी धरून माती हलकेच टोचत जायचं, टोक कशाला तरी अडलं की श्वास रोखायचा. सहा वर्षं हेच केलं. असल्या कामात माणसाचा आवाज खाली येतो तो येतोच. घरीसुद्धा ते इतकं हळू बोलत की बायको म्हणायची, "अहो, इथं काही फुटत नाही. जरा मोठ्यानं बोला की!"

सगळे सुरुंग निघाले तरी दरीतल्या लोकांचा विश्वास बसेना. मग मेजर बायकोला बरोबर घेऊन दरीतल्या कुरणातून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले. ती वाटभर त्यांचा दंड घट्ट धरून होती. त्यानंतर मेंढपाळांनी मेंढरं सोडली.

निवृत्तीनंतर याच लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं. विरोधक सभेत म्हणाले, "यांना धड पाच बोटं नाहीत, हे काय राज्य करणार?" गर्दीतून एक म्हातारी ओरडली, "म्हणूनच निवडू! सगळ्यांची पाचही बोटं तुपात, याची निदान तीनच!" मेजर निवडून आले, पुढच्या खेपेलाही आले. आणि नव्या पंतप्रधानांनी, ज्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणत, मेजरांना राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार केलं. "बाकीचे मला आवडेल ते सांगतात," बाई म्हणाल्या होत्या. "तुम्ही नका सांगू."

तीन वर्षं बरी गेली. मग दरीच्या वरच्या खिंडीपलीकडे शेजारच्या देशाचं सैन्य जमू लागलं.

त्या सकाळी बाईंच्या दालनात तिघंच होती. टेबलावर नकाशा पसरलेला, त्याचे कोपरे पाण्याच्या पेल्यांनी दाबलेले. सेनाप्रमुखांनी दरीवर बोट ठेवलं.

"आपलं राखीव दळ पूर्वेकडे आहे, म्हणजे माणसं यायला चार दिवस. पलीकडचे त्याआधी खिंडीतून उतरले तर दरी गेली. दरीत सुरुंग पेरू. यंत्रं तयार आहेत, एका दुपारचं काम."

"आणि काढायचे कुणी?" मेजरांनी विचारलं.

"ते नंतर बघता येईल, सर." सेनाप्रमुख एकेकाळी त्यांच्या हाताखाली होते, 'सर' सुटत नव्हतं.

"नंतर म्हणजे मी बघितलंय. दरीत माणसं राहतात. त्यांना हलवलं तरी ती परत येणार, जनावरं तर आधीच येणार. पूर्वेकडची माणसं आत्ता निघू द्या. तोवर खिंडीतली चौकी लढवायची."

"चौकीत मूठभर पोरं आहेत, सर. चार दिवस म्हणजे..."

"माहीत आहे मला."

बाईंनी चष्मा काढला, डोळे चोळले. "मेजर, तुमचा मतदारसंघ आहे म्हणून तर बोलत नाही ना?"

घाव वर्मी लागला. "असेलही," मेजर म्हणाले. "स्वतःला तपासून पाहिलं. तरी सल्ला हाच."

"आणि अंगाशी आलं तर?"

"माझ्यावर ढकला."

बाईंनी सेनाप्रमुखांकडे पाहून मान हलवली. "पूर्वेकडची माणसं निघू द्या."

पुढचे दिवस मेजर कार्यालयातून हलले नाहीत. फोन वाजला की पहिल्या घंटेलाच उचलायचे, आणि वाजला नाही की उचलून चालू आहे ना ते बघायचे. दुसऱ्या दिवशी खिंडीवर तोफा सुरू झाल्या. चौकीचा आवाज वायरलेसवर येत होता, तुटक, धापा टाकत, मग थांबला. सेनाप्रमुखांनी पुन्हा विचारलं, "अजून वेळ आहे, सर. पेरू?" "नको," मेजर म्हणाले, आणि त्यांना स्वतःचाच आवाज परका वाटला. बायको डबा घेऊन आली, त्यांचा चेहरा पाहिला, डबा ठेवून बाहेर बाकावर बसून राहिली.

चौकी पडली नाही. आवाज थांबला होता तो वायरलेसची अँटेना तुटल्यामुळे. पूर्वेकडचं सैन्य घाटातून उतरताना दिसलं तसं पलीकडचे मागे सरले, आठवड्याभरात बोलणी सुरू झाली. पण चौकीतली सात पोरं गेली.

संसदेत एकच गदारोळ झाला. 'मतांसाठी जवान मारले' असे फलक फडकले. बाईंनी ढकललं नाही. मेजरांनीच राजीनामा दिला. मग ते सातही जणांच्या घरी गेले. शेवटचं घर दरीतलंच होतं. बाप मेंढपाळ. तो अंगणात लोकर कातरत बसला होता. त्यानं मेजरांना ओळखलं, पण उठला नाही.

"खाली सुरुंग पेरायचं चाललं होतं म्हणतात. तुम्ही नको म्हणालात."

"हो."

"पेरले असते तर चौकी सोडून पोरांना मागे येता आलं असतं?"

बरोबर आलेल्या बायकोनं मेजरांच्या पाठीवर हात ठेवला. खोटं बोलायला वाव होता. पोरगा तसाही गेला असता, असं म्हणता आलं असतं.

"आलं असतं," मेजर म्हणाले. "बहुतेक वाचला असता."

म्हातारा कातरीकडे बघत राहिला. पलीकडच्या उतारावर त्याची मेंढरं पसरली होती. "खरं बोललात," तो म्हणाला. "आता जा."

मेजर पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. नवराबायको दरीच्या तोंडाशी असलेल्या गावात राहायला गेले. बाजारात लोक हात जोडतात, काही तोंड फिरवतात. मेंढपाळाशी रस्त्यात गाठ पडते. मेजर थांबून नमस्कार करतात. तो करत नाही. बायको म्हणते, "दुसऱ्या वाटेनं जाऊ या ना आपण." मेजर नाही म्हणतात, आणि त्याच वाटेनं जातात.