सातव्या बापाची ओळ

गौहरच्या कामात चूक निघाली असं कुणी सांगितलं असतं, तर शिमकेंत शहरात लोकांनी त्यालाच वेड्यात काढलं असतं. बाई वंशावळींच्या साईटवरचा शोध सांभाळायची. मुलाचं नि मुलीचं नाव टाकायचं; सात पिढ्यांत एक जरी बाप सामाईक निघाला तर लग्नाचं नाव काढायचं नाही, नाही निघाला तर खुशाल बार उडवा. कुठल्या पिढीचं नाव शोधायचं नि कुठलं सोडायचं, हे स्कीमाच्या फाईलमध्ये लिहिलेलं असे. तिथला एक स्वल्पविराम हलला तरी गिटमध्ये, म्हणजे बदलांच्या वहीत, नोंद होई: कुणी हलवला, कशाला हलवला, आणि दुसऱ्या कुणी तपासून मंजूर केला. "एकट्याचा हात लागला की घात झालाच म्हणून समजा," हे तिचं पालुपद.

कचेरीत माणसं दोनच, ती आणि तिचा धाकटा दीर मिरास. त्याला चिकटवला तिनेच. त्याचं तोल्गानाय नावाच्या मुलीवर मन बसलंय हे घरात आधी कळलं तेही तिलाच, आणि इकडचे निरोप तिकडे पोचवले तेही तिनेच. वहिनी मग असते कशासाठी?

आज सोयरिक होती. साईटने केव्हाच 'काही नातं नाही' म्हणून सांगितलेलं. कलेजी आणि मेंढीच्या शेपटीची चरबी ताटात वाफाळत होती. व्याह्यांनी ती एकमेकांना भरवली की मग माघार नाही. तोल्गानायच्या आजोबांनी, ओरिनबेक यांनी, घास उचलला आणि ते सहज म्हणाले, "जावईबापू, तुमचे सात बाप म्हणून दाखवा पाहू."

मिरास सहापर्यंत धडाधड म्हणाला आणि गप्प झाला.

"अरे मेल्या, इथं अडलास? लाज आणलीस!" त्याची आई पुढे सरसावली. "सातवा बोरानबाय!"

आजोबांचा घास हातातच राहिला. "बोरानबाय? अहो, आमच्या पोरीचाही सातवा बोरानबायच!"

अभद्र ऐकल्यासारखी बायकांनी गळ्याशी कॉलर धरली. तोल्गानायच्या हातातून चहाची वाटी निसटली. गौहर ताडकन उठली. असं होणं शक्यच नव्हतं!

आजोबा पुटपुटले, "बोरानबाय दोन असतील. यंत्र कशाला खोटं बोलेल? गौहर बाळा, पुन्हा बघून ये. तू म्हणशील ते खरं. तोवर ताट झाकून ठेवा."

ती तशीच कचेरीत धावली. मिरास मागोमाग. तिने जुन्या नोंदी उघडल्या. सातव्या बापाच्या ओळीत 'शोधायचा' होतं तिथे 'नाही' केलेलं. म्हणजे नाव पानावर दिसणार, पण शोधात कधीच सापडणार नाही! बदल करणारा मिरास. मंजूर करणारी गौहर.

"अगं बाई! मी?"

मग आठवलं. तो मांस भरलेले गरम सामसे घेऊन आला होता. 'वहिनी, शोध हळू चाललाय, एवढं 'मंजूर' दाब ना.' दिराच्या शब्दावर तिने न बघता दाबलं होतं.

"बोरानबाय एकच ना रे?"

मिरासने मान खाली घातली. "एकच. वहिनी, दोन होते म्हण. तुझा शब्द कोण मोडतंय? सात पिढ्यांमागचं मढं कशाला उकरायचं? तिच्याशिवाय मी नाही जगणार गं."

तिला रडूच फुटलं. या पोराला तिने न्हाऊमाखू घातलं होतं. एका शब्दाने त्याचा संसार उभा राहत होता. तिने साईटवर आलेला एक निरोप त्याच्यापुढे सरकवला. तुर्किस्तानच्या एका मुलीने लिहिलं होतं, 'तुमच्यामुळे आई-बाबा तयार झाले. येत्या शुक्रवारी लग्न.'

गौहरने आपल्या मशीनवर सातवी ओळ चालू केली आणि त्या मुलीचं नि तिच्या होणाऱ्या नवऱ्याचं नाव टाकलं.

सातवा बाप एकच निघाला.

"हे काय केलं रे आपण!" ती किंचाळली. "असे आणखी किती असतील?"

हे मिरासच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्याने फक्त आपल्यापुरतं पाहिलं होतं.

तिने ओळ पूर्ववत केली, कारणाच्या जागी 'चूक आमची' लिहिलं आणि थांबली. दुसऱ्याच्या मंजुरीशिवाय ओळ साईटवर जात नव्हती, आणि दुसरं माणूस एकच होतं.

"दाब म्हणून मला नाही सांगवत तुला," ती म्हणाली.

मिरास खुर्ची ओढून बसला. पडद्यावर बोट ठेवून त्याने ती एवढीशी ओळ वाचली, पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"दाबतोयस की नुसता बघतोयस?"

"तू न वाचता दाबलंस, वहिनी. मी वाचून दाबतो."

त्याने दाबलं. बाहीने डोळे पुसले.

"आधी त्या पोरीला फोन लाव," तो म्हणाला. "मग घरी लाव, ताट उचलायला सांग."