गिऱ्हाइकाची खुर्ची

शिरोली एमआयडीसीतला ओतकामाचा कारखाना मी उभा केला आणि मेव्हण्याला भागीदारही मीच करून घेतलं. पुण्यात कसलंसं शिबिर करून तो अडचणी सोडवायची एक पद्धत घेऊन आला. टेबलाभोवती चार खुर्च्या, प्रत्येकीचं काम ठरलेलं. एकीत बसून फक्त फायदे सांगायचे, दुसरीत फक्त धोके, तिसरीत सुचेल ती वेडीवाकडी कल्पना. चौथी गिऱ्हाइकाची. तिथं बसलं की स्वतःच्याच विरुद्ध भांडायचं.

तेव्हा पंपाच्या कंपनीची वर्षाची ऑर्डर भावावरून अडली होती. ती गेली तर दुसरी भट्टी बंद. मी वाळूवाल्यापासून भंगारवाल्यापर्यंत सगळ्यांशी घासाघीस करत इथवर आलेला माणूस. असल्या खेळाला हसलोच.

"दाजी, एकदा बसा की," मेव्हणा म्हणाला. "इथलं इथंच राहतंय. नियमच हाय तसा."

कारखान्यातल्या दोघांना घेऊन आम्ही बसलो. आणि खरंच डोकं चाललं. "ह्या माणसाशी भांडू नका," मी गिऱ्हाईक होऊन, स्वतःकडेच बोट दाखवत म्हणालो. "भांडणात तो तुम्हाला खाईल. चहा झाला की नुसतं गप्प बसा. ह्याला शांतता सोसत न्हाय, आपणहून खाली येतोय." सगळे हसले. मीही हसलो. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात कंपनीचे खरेदीसाहेब आले. मी आवाज चढवून भाव धरून ठेवला. चहा झाला. साहेबांनी कप बशीत ठेवला, हाताची घडी घातली आणि गप्प बसले. एरवी हा माणूस श्वास घ्यायलाही थांबत नाही.

मी मेव्हण्याकडे पाहिलं. तो मोबाइलची काच पुसत होता.

ती शांतता कुठून आली ते कळलं, तरी सोसेना. माझ्याच तोंडून कमी भाव निघाला. साहेबांनी लगेच हात पुढे केला.

त्यांची गाडी फाटकाबाहेर गेल्यावर मी विचारलं, "तू सांगितलंस?"

"तुम्ही ताणून धरलं असतं, दाजी. ऑर्डर गेली असती."

"मग मला सांगायचंस."

"तुम्ही ऐकलं असतं व्हय?"

मी ओरडलो.

भट्टी चालू आहे. खुर्च्या अजून मांडतात. पद्धत चांगली आहे, ते मी नाकारत नाही. फायद्याच्या खुर्चीत बसतो, धोक्याच्याही. गिऱ्हाइकाच्या खुर्चीला मात्र हात लावत नाही. मेव्हणा म्हणतो, "दाजी, मग निम्मंच काम होतंय."

होऊ दे.