डावीकडचे तांदूळ

गौलीगुडा मोहल्ल्यात भारती बिदरकरचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक तिची छाती आणि दुसरी तिची जीभ. पहिली देवानं दिली होती, दुसरी तिनं स्वतः मेहनत करून तयार केली होती. लग्नकार्यात ती मांडवात शिरली की बायका आपापले पदर सारखे करायला लागायच्या, कारण कुणाचं पोट सुटलं, कुणाचे दंड लोंबायला लागले, हे भारतीच्या नजरेतून सुटायचं नाही आणि तोंडातूनही सुटायचं नाही. मी खरं बोलते म्हणून लोकांना झोंबतं, असं तिचं म्हणणं. लोकांना झोंबायचं ते वेगळंच. खरं बोलताना तिला जी गंमत वाटायची ना, ती झोंबायची.

तिची धाकटी जाऊ कविता बोधनहून लग्न होऊन आली, ती हडकुळी, सपाट, आणि शिवणकामात तरबेज. आल्याच्या पहिल्याच श्रावणात घर बायकांनी भरलेलं असताना ती मशीनवर स्वतःचं ब्लाउज शिवत बसली होती. भारतीनं तिच्याकडे नीट वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "कविता, तुझं बरं आहे बघ. तुला कापड कमी लागतं."

बायका खो खो हसल्या. कविताही थोडं हसली आणि मान खाली घालून मशीन चालवत राहिली. वाक्य एवढं जमून आलं होतं की भारतीनं ते पुढे टाकून दिलं नाही. दर दिवाळीला कापडखरेदी निघाली की ते बाहेर यायचं. कविताला दोन मुलं झाली, केस पांढरे झाले, तरी येत राहिलं. घरातल्या सगळ्यांची ब्लाउजं कविताच शिवायची, भारतीचीसुद्धा, आणि त्यांना कापड भरपूर लागायचं.

दोन वर्षांपूर्वी भारतीच्या डाव्या स्तनात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी तो स्तन काढून टाकला. बाहेर सांगितलं पित्ताचे खडे. खरं माहीत होतं ते फक्त तिचा नवरा श्रीनिवास, मुलगी गौरी आणि कविता यांना. जखमेतून नळी बाहेर काढलेली होती, तिच्या टोकाला बाटली. ती बाटली रोज कविता ओतायची, धुवायची, परत लावायची. भारतीला न्हाऊ घालायची, केस विंचरायची, आणि तिथं बघवत नसलं तरी तोंड फिरवायची नाही. तिनं ते सगळं मनापासून केलं, त्यात खोट काढायला जागा नाही. भारतीनं तरी काढलीच. "तुझे हात फार खरबरीत आहेत गं," असं ती न्हाणीघरात उघडी बसलेली असताना म्हणाली.

बरी झाली, पण ती भारती राहिली नाही. ब्लाउजमध्ये दुकानातून आणलेला स्पंजचा गोळा घालायची. त्याला वजन नव्हतं, तो वर सरकायचा, आणि ती सारखी पदराआडून त्याला खाली ओढायची. एक बाजू जड आणि एक हलकी, त्यामुळे चालताना आपण कलतो असं तिला वाटायचं. आरसा ती फक्त कुंकू लावण्यापुरता बघायची. तिला आपलं शरीर परत हवं होतं, बाकी काही नको होतं, आणि हे कुणाला सांगायची तिला लाज वाटायची. या वयात कशाला, असं कुणीही म्हटलं असतं. दुसऱ्या बाईबद्दल तीच पहिल्यांदा म्हणाली असती.

मग गौरीचं लग्न ठरलं. मुलगा हर्षद, पुण्याचं घराणं, आयटीतली नोकरी, गच्चीबावलीत फ्लॅट. श्रीनिवास ट्रेझरीतून निवृत्त झालेला माणूस, कुठलंही काम वेळेआधी हातावेगळं करणारा. तो म्हणाला, "लग्नाआधी ते परत बसवायचं ऑपरेशन करून टाकू तुझं. आईला असं झालेलं कळलं की पोरीकडं बोट दाखवतेत लोक. पुण्याची माणसं आहेत, गळ्यात पडतेत, हाताला लागायचं कायतरी."

कारण तिचं नव्हतं, पण मिळत होतं ते तिला हवं तेच होतं. ती लगेच हो म्हणाली.

बंजारा हिल्सच्या क्लिनिकमध्ये श्रीनिवासला आत यायला संकोच वाटला. तो बाहेर मासोळ्यांच्या काचेच्या पेटीपुढे बसला आणि आत कविता गेली. डॉक्टर हर्षवर्धन तेलुगू होते, हिंदी तोलूनमापून बोलायचे. त्यांनी टेबलावर इम्प्लांट मांडले. एक मिठाच्या पाण्याचा, बाकीचे सिलिकॉनचे. काही गोल, काही वर निमुळते आणि खाली भरलेले. आधी कातडी ताणायला आत एक पिशवी बसवायची, ती हळूहळू फुगवायची, आणि काही महिन्यांनी ती काढून यातला एक घालायचा, असं त्यांनी समजावलं.

भारतीनं गोल, ताठ, मोठा उचलला. पंचविशीत तिचे होते तसा. डॉक्टरांनी तिची उजवी बाजू तपासली होती. ते शांतपणे म्हणाले की हा नको, हा उजवीशी जुळणार नाही. नैसर्गिक दिसायचं असेल तर वयाला शोभेल असाच घ्यावा लागतो, म्हणजे निमुळता, जरा उतरलेला. भारती आयुष्यभर जे इतरांना सांगत आली, ते तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं, तेही फी घेऊन.

तिनं निमुळता हातात घेतला. कवितानं दुसरा घेतला, दाबला, सोडला, पुन्हा दाबला.

"मऊ लागायलंय वहिनी," ती म्हणाली. "बिलकुल खऱ्यासारखं."

भारतीनं डॉक्टरांना विचारलं, "आत बसवल्यावरही असाच लागेल?"

हात लावणाऱ्याला असाच लागेल, डॉक्टर म्हणाले.

"आणि मला?"

तुम्हाला तिथं फारसं काही कळणार नाही, ते म्हणाले. नसा आधीच्या ऑपरेशनमध्ये गेल्या. दाब जाणवेल थोडा, कदाचित तोही नाही.

गाडीत भारती खिडकीतून बाहेर बघत राहिली. हात लावणारा पुढे ड्रायव्हरशेजारी बसून त्याला लकडीका पूलवरून घे म्हणून सांगत होता. ऑपरेशन झाल्यापासून तो कपाटाकडे तोंड करून झोपायचा. म्हणजे खऱ्यासारखं लागणार ते कुणालाच नाही, हे तिला तेव्हाच कळलं. तरी तिला ते हवंच होतं. आत काही न कळणारं का असेना, पण आपलं म्हणून काहीतरी तिथं असावं, असं तिला वाटत होतं आणि तिला त्याचं रडूही येत होतं.

माप ठरवायला क्लिनिकमधल्या नर्सनं एक युक्ती सांगितली होती. कापडाच्या पिशव्या शिवायच्या, त्यात कमीजास्त तांदूळ भरायचे, आणि घरात घालून वावरायचं. जी जड होत नाही, ती आपली. कवितानं सासऱ्यांच्या जुन्या मलमलच्या धोतराच्या पिशव्या शिवल्या. भारती समोर बसून सूचना देत होती. "टाके जवळ जवळ घे. तुझ्या शिवणीचा मला भरवसा नाही." कविताच्या शिवणीचा टाका आजवर कधी उसवला नव्हता, पण बोलल्याशिवाय भारतीला राहवत नव्हतं.

पहिल्यांदा तिनं तांदळाची पिशवी डावीकडे घातली, तेव्हा खांद्यावर पट्टा रुतला, आणि त्या रुतण्यानं तिचा जीव निवला. वजन होतं. ती सरळ उभी राहिली. संध्याकाळी काही कारण नसताना कविताला घेऊन कोठीच्या बाजारापर्यंत चालत गेली, पदर पूर्वीसारखा घेऊन, आणि साड्यांच्या दुकानाच्या काचेत स्वतःला येताना आणि जाताना असं दोन्ही वेळा पाहून घेतलं. दुकानाबाहेरच्या एका बाईची कंबर बघून कविताच्या कानात काहीतरी बोललीसुद्धा. ऑपरेशननंतर ती पहिल्यांदाच बाहेरच्या कुणाला नावं ठेवत होती. तिला खूप बरं वाटत होतं.

मोठी पिशवीच तिला पसंत पडली. ऑपरेशनची तारीख ठरली, रथसप्तमी झाली की लगेच. रथसप्तमीला घरी हळदीकुंकू होतं आणि विहीण म्हणून हर्षदची आई उषाताई पहिल्यांदाच येणार होत्या. भारतीनं ठरवलं, त्या दिवशी स्पंज नाही, तांदूळ. "पिशवी जरा ढिली झाल्यासारखी वाटायली," ती आदल्या दिवशी कविताला म्हणाली. "एकदा पक्की करून ठेव." कवितानं पिशवी नेली आणि सकाळी आणून दिली.

बायकांनी दिवाणखाना भरला. उषाताई आल्या, हसतमुख, मोकळ्या. भारतीनं त्यांची ओटी भरली. मग उषाताई म्हणाल्या, "आता मी तुमची भरते, असं एकतर्फी नाही चालायचं." भारती हसली आणि पदर पुढे धरून वाकली. उषाताईंनी नारळ घातला, ब्लाउजपीस घातलं, ओंजळभर तांदूळ घातले. त्यांचा हात थांबला आणि तांदूळ पडतच राहिले.

ते भारतीच्या ब्लाउजच्या खालून येत होते. पोटावरून निऱ्यांवर, निऱ्यांवरून फरशीवर. ओटीच्या तांदळांना हळदकुंकू लागलेलं होतं, हे नुसते पांढरे होते. तिनं हात दाबून धरला तर ते बोटांमधून यायला लागले. ती सरळ झाली तर आणखी जोरात. बायका बघत होत्या. ब्लाउजची डावी बाजू सगळ्यांच्या देखत बसत गेली आणि शेवटी सपाट झाली. शेजारची ज्योती तोंडाला पदर लावून हसली, मग तिच्या काय ते लक्षात आलं आणि तोच पदर तिनं डोळ्यांना लावला.

उषाताईंना सगळ्यात आधी कळलं होतं. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं हेच झालेलं. त्यांनी भारतीला घट्ट जवळ घेतलं, सपाट बाजूसकट. सगळ्यांना ऐकू जाईल अशा प्रेमळ आवाजात त्या म्हणाल्या, "अहो, लपवलंत कशाला एवढं? कॅन्सर काय कुणालाही होतो. आम्ही तसल्या विचारांचे नाही हो. गौरी आमचीच आहे, तिच्या तपासण्या आपण लग्नानंतर सावकाश करून घेऊ." बायकांनी माना डोलावल्या. बिचारी, असं कुणीतरी म्हणालं. भारतीला कुणी शिवी दिली असती तर तिला उत्तर देता आलं असतं. कविता खाली बसून सुपलीत तांदूळ भरत होती.

संध्याकाळी घरच्यांना सुटल्यासारखं झालं होतं. गौरी आईच्या गळ्यात पडून म्हणाली, "आई, यू आर सो ब्रेव्ह. आता तुला कुणासाठी काही करायची गरज नाही." श्रीनिवासनं फोन हातात घेतला होता.

"क्लिनिकला सांगून टाकतो," तो म्हणाला. "आता सगळ्यांना कळलंच. लपवायचं काय राहिलं? खामखा चिरफाड कशाला?"

"मला पाहिजे होतं," भारती म्हणाली.

त्यानं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं. रागानं नाही, खरोखर न समजून.

"कुणाला दाखवायचंय आता?"

माझ्यासाठी, एवढंच भारतीला म्हणायचं होतं. पण आजवर तिनं जे जे मिरवलं ते दुसऱ्यांच्या डोळ्यांसाठी मिरवलं होतं, आणि ते या घरात सगळ्यांना पाठ होतं. श्रीनिवासनं फोन लावला, दोन मिनिटं बोलला आणि जेवायला वाढा म्हणाला.

भारती आत गेली आणि तिनं रिकामी पिशवी उलटी करून बघितली. मलमल फाटली नव्हती. दोरा तुटला नव्हता. शिवण नवी होती, टाके बारीक आणि एकसारखे होते, फक्त शेवटची गाठ मारलेली नव्हती.

महिन्याभरानं लग्नातल्या साडीचं ब्लाउज शिवायला कविता टेप घेऊन आली. तोवर मोहल्ल्यात सगळ्यांना सगळं कळून जुनं झालं होतं. भारती कुठं गेली की बायका तिला बसायला खुर्ची द्यायच्या. पदर कुणी सारखा करत नव्हतं.

कवितानं पाठ मोजली, खांदा मोजला. भारती समोरच्या भिंतीकडे बघत उभी होती.

"कविता," ती म्हणाली, "त्या पिशवीला गाठ मारायची राहिली का गं?"

"राहिली असेल वहिनी," कविता म्हणाली. तिनं टेप भारतीच्या छातीभोवती घेतला, डाव्या बाजूला अंगठ्यानं दाबून धरला आणि आकडा वाचला. भारतीला अंगठा दिसला, लागला नाही.

"एक बरं झालं," कविता म्हणाली. आवाज मऊ होता, न्हाऊ घालताना असायचा तसाच. "तुम्हालाही आता कापड कमी लागेल."

मग ती म्हणाली, "हात वर करा." भारतीनं हात वर केले. डावा पूर्ण वर जात नव्हता, तो कवितानं कोपराला धरून वर केला आणि माप घेईपर्यंत तसाच धरून ठेवला.