चा आणि बं

"भाऊ, बंद करा! वॉल लाल झाला!" यशोदाबाई ओरडल्या, आणि माझा हात पोचायच्या आत त्यांनीच प्लग उपटला.

वॉल म्हणजे व्हॉल्व्ह, जुन्या अ‍ॅम्प्लिफायरमधली काचेची नळी. तिच्या आतली तार नारिंगी दिसते, ते ठीक. पण भोवतीची काळपट प्लेट लाल झाली, की तो वॉल थोड्या वेळाचा सोबती. आणि बाईंच्या घरात होती ती शेवटची जोडी.

हा अ‍ॅम्प्लिफायर त्यांच्या यजमानांनी, तुळशीरामभाऊंनी, सावली गावातल्या याच घरात स्वतःच्या हातानं बांधला. जयंती असो की लग्न, पंचक्रोशीत तोच वाजायचा. भाऊंना जाऊन वर्ष होत होतं. दुसऱ्या दिवशी विहारात त्यांच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन होतं. भाऊंनी गायलेल्या भीमगीतांची एक कॅसेट उरली होती. ती त्यांच्याच मशीनवर वाजावी, एवढंच बाईंचं म्हणणं होतं.

"मंडपवाल्याचा डीजे आहे ना," मी म्हणालो.

"त्याच्यावर त्यायचा आवाज त्यायचा नाई वाटत, भाऊ."

मी मीटर काढला. माजरीला कोळसा खाणीच्या वर्कशॉपमध्ये इलेक्ट्रॉनिक्स बघण्यात माझी सगळी नोकरी झाली, म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं होतं. वॉलचं मशीन बघितलं की रिटायर माणसाचेही हात शिवशिवतात.

आता बायस म्हणजे काय ते सांगतो. वॉलमधून सतत थोडा करंट वाहत असतो. त्याला आवर घालायला ग्रिड नावाच्या जाळीवर निगेटिव्ह व्होल्टेज देतात. तो बायस. बायस कमी पडला की करंट मोकाट सुटतो आणि प्लेट लाल होते. जास्त झाला तर आवाज फाटका येतो.

दोनपैकी एकच वॉल लाल होत होता. मी दोघांच्या जागा बदलल्या आणि क्षणभर मशीन लावलं. लाली जागेवरच राहिली, वॉलबरोबर गेली नाही. म्हणजे वॉल चांगला, दोष सर्किटचा. मागचा कपॅसिटर लीक झाला होता आणि त्यातून पॉझिटिव्ह व्होल्टेज झिरपून बायस खात होता. नवा टाकला. बाईंचा चेहरा फुलला, आणि त्या विहारात सतरंज्या टाकायला गेल्या.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं.

पण बायसचं बटन भाऊंनी बाहेर, पुढच्या पॅनलवर बसवलेलं होतं. कोणीही येता-जाता फिरवावं असं! शेजारी ऑइलपेंटनं दोन खुणा, 'चा' आणि 'बं'. चालू आणि बंद. मला वाटलं, पॅनल कुठल्या तरी जुन्या रेडिओचं कापून लावलं असेल. घरगुती कारागिरी, म्हणत मी हसलो. बटन काढलं, आत एकदाच लावून ठेवायचा, स्क्रू-ड्रायव्हरनं फिरणारा प्रिसेट बसवला आणि करंट पस्तीस मिलिअँपवर नेमका आणला. बटनाचं भोक टेपनं झाकलं. फार शहाणपणा केला असं वाटत होतं.

बाई परतल्या. आम्ही कॅसेट लावली. भाऊंचा भरदार आवाज खोलीभर झाला. बाई उंबऱ्यावर बसून ऐकत होत्या.

तिसरं गाणं चालू होतं. डोक्यावरचा बल्ब एकदम उजळला, आणि या वेळी दोन्ही वॉल लाल झाले. पुन्हा बाईंनीच प्लग उपटला.

बाईंनी पॅनलकडे पाहिलं. "भाऊ, बटन कुठी गेलं?"

"काढलं. चालू-बंदचं तर होतं."

"मोटारी चालू, मोटारी बंद!" त्या म्हणाल्या. "धानाले पाणी चालू असलं का गावातली लाईट मरगळते. थ्री-फेज गेली, मोटारी बंद पडल्या, का एकदम चढते. मंग बटन 'बं'वर न्यावं लागते. तुमच्या माजरीत धान नाई पिकत काय?"

मी मीटर लावला. मघाशी मी बायस लावला तेव्हा लाईन एकशे ऐंशी होती. आता दोनशे पन्नास. व्होल्टेज चढलं, तसा वॉलमधला करंटही चढला. खाणीच्या लाईनवर आयुष्य काढलेल्या मला हे सुचलं नव्हतं. तुळशीरामभाऊंनी शेतातल्या मोटारींचा हिशोब पॅनलवर दोन अक्षरांत मांडून ठेवला होता. मला मनापासून लाज वाटली, आणि त्या न भेटलेल्या माणसाचा अभिमानही वाटला.

मी बटन निमूटपणे पुन्हा जागेवर बसवलं. भीत भीत मशीन लावलं. वॉल वाचले होते.

दुसऱ्या दिवशी विहार भरला होता. बाई मशीनजवळ पांढऱ्या लुगड्यात डोळे मिटून बसल्या होत्या. गाणं ऐन रंगात असताना शेताकडची मोटारींची घरघर थांबली. मी उठलोच. पण बाईंचा हात आधीच बटनावर पोचला होता. डोळे न उघडताच त्यांनी ते 'बं'वर नेलं. आवाज जराही हलला नाही.

मी खाली बसलो. आता कोणतंही मशीन उघडण्याआधी त्याच्यावर काय लिहिलंय ते वाचतो, आणि त्याचा अर्थ घरातल्या माणसांना विचारतो.