पाच नंबर, कोरडी

मास्तरांनी आयुष्यात कुणाला काही शिकवलं नाही. लोक त्यांना मास्तर म्हणतात ते खिशातल्या खडूमुळे. वीज कंपनीच्या कोळशाच्या राखेच्या तळ्याभोवती आठ बोअरवेल आहेत, तळ्यातलं पाणी झिरपून जमिनीत पसरतंय का ते बघायला. दर महिन्याला मास्तर पोलादी टेपच्या टोकाला मीटरभर खडू फासतात, टेप नळीत सोडतात, वर ओढतात. खडू जिथवर ओला, तिथवर पाणी. आकडा तिथल्या तिथे वहीत, तोही पेन्सिलीने, कारण ओल्या हाताला पेन दाद देत नाही. मग बाटली भरायची आणि तपासणीला पाठवायची. सव्वीस वर्षं हेच.

आता तळ्यापलीकडच्या वस्तीने कंपनीला कोर्टात खेचलंय. वस्तीच्या हापशाच्या पाण्यात आर्सेनिक निघालंय. अर्जावरची पहिली सही मास्तरांच्या थोरल्या बहिणीची.

साक्षीच्या आदल्या दिवशी कंपनीच्या वकिलाने मास्तरांना मीटिंगच्या खोलीत बसवलं. टेबलावर ती वही. बाजूला मॅनेजर, हाताची घडी घालून.

“पाच नंबर,” वकील म्हणाला. “तळं आणि वस्ती यांच्या मधली एकुलती एक बोअरवेल. तीन वर्षं शेरा एकच, कोरडी. म्हणून पाण्याचा नमुना नाही. बरोबर?”

“लिहिलंय तसं.”

“आणि पातळीच्या रकान्यात? जमिनीखाली नऊ मीटर चाळीस. पुढे नऊ पंधरा. मग आठ नव्वद. कोरड्या बोअरवेलला पाण्याची पातळी असते का हो, मास्तर?”

“टेप ओली आली.”

“मग कोरडी का लिहिलंत?”

मास्तरांनी मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरने छताकडे.

“साहेबांनी सांगितलं म्हणून.”

“कुणी काही सांगितलेलं नाही,” मॅनेजर गुरगुरला. “आणि कोरडीच लिहायचं होतं, तर टेप कशाला सोडलीत मूर्खासारखी?”

“सवय.”

“हीच सवय उद्या आपल्या गळ्याशी येणार,” वकील म्हणाला. “तर नीट ऐका. दुसऱ्या बोअरवेलचे आकडे तुम्ही चुकून या रकान्यात लिहिलेत. वय झालं, डोळे अधू झाले. म्हणा बघू.”

“डोळे शाबूत आहेत माझे.”

“उद्यापुरते अधू करा,” मॅनेजर म्हणाला. “नाहीतर नोकरी गेली आणि क्वार्टरही गेली. आठ महिने राहिलेत निवृत्तीला. शहाण्याला शब्दाचा मार.”

क्वार्टरवर पोचले तर बहीण दारात उभी. आत आली, पण बसली नाही. हापशात आर्सेनिक निघाल्यापासून वर्षभर ती भावाशी बोलत नव्हती. काय असेल ते त्याच्या बायकोमार्फत, मग तो दोन हातांवर का असेना.

“विचार गं तुझ्या नवऱ्याला, उद्या काय ओकणार आहे?”

“वन्सं, समोरच तर आहेत.”

“मला दिसत नाही.”

“सांग तिला,” मास्तर भडकले, “आगीत तेल ओतायला आली असेल, तर दार उघडं आहे.”

बहिणीने दोन्ही तळवे भावजयीपुढे उघडले. कातडी त्या पाण्याने जाड झालेली, राखाडी, दाणेदार.

“वस्तीच्या फलकावर दर महिन्याला कागद लागायचा. पाच नंबर, कोरडी. बाया म्हणायच्या, हापसा बंद करू या. मी म्हणायची, अगं, माझ्या भावाचं अक्षर आहे ते. पाच नंबर कोरडी म्हणजे राखेचं पाणी इथवर आलेलंच नाही. भरा बिनधास्त! तीन वर्षं मी पाजलं त्यांना. सांग त्याला.”

बायकोने काही सांगितलं नाही. नुसतं नवऱ्याकडे वळून म्हणाली, “ऐकलंत?”

दुसऱ्या दिवशी कोर्टात वकिलाचा आवाज लोण्यासारखा. “पाच नंबरचे हे आकडे तुमच्याकडून चुकून लिहिले गेले, हो ना?”

“नाही.”

“नीट आठवा. तुमचे डोळे...”

“बाईसाहेब,” मास्तर थेट न्यायाधीशांकडे वळले, “वही जरा उजेडात धरा. आकडे पेन्सिलीत आहेत. ते मी नळीपाशी उभा राहून लिहिले. प्रत्येकाशेजारी खडूचा अंगठा उमटलाय बघा. शेरा पेनात आहे. तो ऑफिसात लिहिलाय, पंख्याखाली, हात पुसून. आकडा उतरत गेलाय, म्हणजे पाऊस नसतानाही पाणी वर चढत होतं. पेन्सिलीतलं मी पाहिलेलं. पेनातलं मला सांगितलेलं.”

“हा साक्षीदार फितूर झालाय!” वकील ओरडला.

“आणलात तुम्हीच,” न्यायाधीशबाई पानावरून नजर न काढता म्हणाल्या. मग मास्तरांना, “कुणी सांगितलं?”

“तिसऱ्या रांगेत बसलेत ते मॅनेजर.” मास्तरांनी बोट दाखवलं. “पण लिहिलं मी. हात माझाच होता.”

बाहेर मॅनेजर अगदी कानाशी येऊन म्हणाला, “क्वार्टरची किल्ली. उद्या संध्याकाळपर्यंत.” आणि गाडीत बसला.

बहीण पायऱ्यांवर थांबली होती. मास्तरांची बायको सवयीने दोघांच्या मध्ये जाऊन उभी राहिली. बहिणीने तिला दंड धरून बाजूला केलं.

“तीन वर्षं लागली रे तुला, पेन्सिल दाखवायला?”

मास्तरांनी बायकोकडे पाहिलं.

“तोंड शिवलंय का? तुझ्याशीच बोलतेय.”

“चुकलं, ताई.”

“मला काय सांगतोस? वस्तीत चल. हापशापाशी बाया जमल्यात. त्यांच्यासमोर म्हण. आणि शिव्या पडतील तेव्हा मी आडवी येणार नाही, सांगून ठेवते.”

ती तरातरा पायऱ्या उतरली. तिच्यामागे चार पावलं अंतर ठेवून मास्तर निघाले. एक हात खिशात, खडू चाचपत. कठड्याला टेकलेली बायको क्षणभर तिथेच राहिली. वर्षभरात पहिल्यांदाच तिला कुणाचा निरोप कुणाला द्यायचा नव्हता. मग तीही पदर खोचून मागोमाग चालू लागली.