देवमाशाचा हात

ठिपकेबाईंचा पुढचा एक दात अर्धाच आहे. हसल्या की दिसतो, आणि त्या हसतात पुष्कळ. सात वर्षांच्या असताना, म्हणजे बाई वगैरे व्हायच्या कितीतरी आधी, चुलतभावाने हात धरून त्यांना जिना उतरवला आणि मध्येच हात सोडून म्हणाला, "चल, संपल्या पायऱ्या." संपल्या नव्हत्या. पोर तोंडावर आपटली, भावंडं खो खो हसली, आणि दाताचा तुकडा कुठे गेला ते आजतागायत कळलेलं नाही.

जन्मापासून आंधळ्या असलेल्या मुलीला लोक किती खोटं सांगतात, याची डोळसांना कल्पना नसते. औषध गोड आहे. फ्रॉक नवा आहे. डॉक्टर नुसता हात बघणार आहेत. त्यातलं काही मायेपोटी असतं, काही गंमत म्हणून, पण ऐकणाऱ्याला सगळं सारखंच लागतं. दात गेला त्या दिवशी त्या पोरीने मनाशी एक नियम केला: ज्याला दिसत नाही त्याला फसवायचं नाही. पुढे ती अंधांच्या सरकारी शाळेत विज्ञान शिकवायला लागली, ब्रेलच्या ठिपक्यांवरून मुलांनी तिला ठिपकेबाई करून टाकलं, तरी नियम तोच राहिला. वर्गात पाल शिरली तर बाई "पाल आहे" असं सांगत, मग भले वर्ग बाकांवर चढो.

त्यांचं अर्धं काम वर्गात आणि अर्धं मागच्या खोलीत चाले. डोळस मुलांचं एक पुस्तक ब्रेलमध्ये उतरवलं की त्याचे पाच खंड होतात, एकेक उशीएवढा जाड. चित्रं बाई स्वतःच करत. पुठ्ठ्यावर सुतळी, मणी, आइस्क्रीमच्या काड्या असं काय काय चिकटवून साचा बनवायचा, त्यावर प्लॅस्टिकचा पातळ ताव ठेवून यंत्रात तापवायचा. ताव साच्याला घट्ट बसला की बोटांना वाचता येईल असं चित्र उठून येतं. फुलाचे भाग, कान, हृदय, सगळं बाईंनी केलं होतं. पण त्यांचं खरं चित्र एकच होतं, आणि ते त्यांना सापडलं सतराव्या वर्षी.

त्या वर्षी थोरला दादा त्यांना संग्रहालयात घेऊन गेला होता. दादा पाट्या वाचून दाखवत होता आणि बहीण कंटाळली होती, कारण काचेच्या पलीकडच्या वस्तूचा आंधळ्याला काय उपयोग! तिथल्या म्हाताऱ्या राखणदाराने ते बघितलं. त्याने इकडेतिकडे पाहून दोरी वर उचलली आणि म्हणाला, "ये बेटा. हळू. हा देवमासा आहे, मेलेला आहे, चावणार नाही."

पोरीने हात पुढे केला. आधी खांद्याचं एक आखूड, जाड हाड लागलं, ओंडक्यासारखं. त्याच्या पुढे शेजारी शेजारी दोन हाडं. मग गोट्यांसारख्या हाडांचा पुंजका. आणि मग एक एक पेर करत दूरवर गेलेली बोटं. तिने ती मोजली. पुन्हा मोजली. मग डाव्या हाताने स्वतःचा उजवा दंड धरला: एक हाड. कोपराखाली चाचपलं: दोन. मनगट. पाच बोटं. तिच्या अंगावर सरसरून काटा आला.

"दादा, याला हात आहे!"

"तो पर आहे, वेडे. पाटीवर लिहिलंय." दादाने तो सांगाडा लहानपणापासून पाच-सहा वेळा पाहिला होता.

"नाही रे, हात आहे. माझाच हात आहे!"

ती तिथे किती वेळ उभी होती कोण जाणे. समुद्रात राहणाऱ्या, घराएवढ्या जनावराच्या पराआड कुणीतरी तिचाच हात ठेवून दिला होता, आणि ती सोडून तिथल्या एकाही माणसाला ते दिसत नव्हतं. बाई तशा भाविक, रोज सकाळी प्रार्थना केल्याशिवाय चहाला शिवत नाहीत. त्या आजही सांगतात, "देव आहे असं मला खरं वाटलं ते त्या दिवशी, त्या दोरीच्या आत."

म्हणून आठवीच्या पुस्तकात सजीवांच्या उत्क्रांतीचा धडा आला तेव्हा बाईंनी त्यासाठी चार साचे केले: माणसाचा हात, मांजराचा पुढचा पाय, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर. हा धडा म्हणजे शाळेतला सोहळाच होता. आठवीची मुलं जेवायच्या सुट्टीत सातवीच्यांना चिडवत, "तुम्हाला अजून हात मिळाले नाहीत!" आणि सातवीची मुलं हिरमुसून बसत.

मग सरकार बदललं. नवे शिक्षणमंत्री निवडून आले ते धर्माचार्यांच्या आशीर्वादाने, आणि आशीर्वाद काही फुकट नसतो. धर्माचार्यांचं म्हणणं पडलं की माणूस जनावरांच्या गोतावळ्यातला आहे असं पोरांना शिकवलं तर श्रद्धेला धक्का बसतो. झालं. पुढच्या वर्षीच्या छपाईत आठवीच्या पुस्तकातून तो धडा गायब. देशभरच्या डोळस मुलांना तो दिसेनासा झाला.

अंधांच्या शाळेला मात्र कुणी काही कळवलंच नाही. ब्रेलचे खंड महाग, ते काही दरवर्षी छापत नाहीत, आणि आंधळ्यांनाही पुस्तकं असतात हे खात्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नाही. अशी तीन वर्षं गेली. साऱ्या देशात तो धडा फक्त आंधळी मुलं वाचत होती, आणि आपण काही जगावेगळं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं.

बिंग फोडलं मंत्र्यांनी स्वतःच. कुठल्याशा समारंभासाठी ते शाळेत आले. सोबत कॅमेरे होते, धर्माचार्य होते. नववीतल्या एका मुलीने त्यांना फूल दिलं आणि त्यांनी तिचा हात हातात घेतला. या शाळेतल्या मुलांच्या हातात हात द्यायचा म्हणजे काय, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मुलीने मनगटापासून कोपरापर्यंत मंत्र्यांना सराईतपणे चाचपलं आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाली, "साहेब, तुमची हाडं अगदी वटवाघळासारखी आहेत!"

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, घाईने पुढे झाल्या आणि मुलीला मागे घेऊन गेल्या. कॅमेरेवाले हसले. धर्माचार्य हसले नाहीत.

आठवड्याभरात आदेश आला. आठवीच्या विज्ञानाच्या पुस्तकातली पानं एक्क्याऐंशी ते चौऱ्याण्णव कापून ताब्यात घेण्यासाठी तपासनीस सोमवारी येत आहेत. कसूर झाल्यास संबंधित शिक्षिकेवर कारवाई होईल.

मोठ्या बाईंनी आदेश दोनदा वाचून दाखवला आणि एकदम त्यांचा आवाज खाली आला. "बाई, हे आकडे डोळसांच्या जुन्या पुस्तकातले आहेत हो. आपल्या पुस्तकात एक्क्याऐंशीला काय आहे?"

बाईंना विचार करावा लागला नाही. "अन्नाचं पचन. दुसऱ्या खंडात. उत्क्रांती चौथ्या खंडात आहे."

"मग झालं तर! तो पचन कापून नेईल. तुम्ही फक्त गप्प बसा. गप्प बसणं म्हणजे काही खोटं बोलणं नव्हे."

बाईंची जीभ आपोआप अर्ध्या दाताकडे गेली. चुलतभाव गप्प बसला नव्हता, उघड खोटं बोलला होता. पण पायरी आहे हे ठाऊक असून न सांगणं आणि "नाही" म्हणणं, खाली पडणाऱ्याला दोन्ही सारखंच. रविवारभर त्या स्वतःशी भांडत राहिल्या. यंदाच्या वर्गात एक मुलगी होती, तिला सगळे 'कशावरून' म्हणत, कारण पृथ्वी गोल आहे म्हटलं तरी ती "कशावरून?" विचारी. ती वर्षभर हातांच्या धड्याची वाट बघत होती. बाई बोलल्या असत्या तर तिच्या बोटांना तो कधीच लागणार नव्हता.

सोमवारी तपासनीस आले. जिना चढून धापा टाकत होते, बूट करकरत होते, खिशात पेपरमिंटच्या गोळ्या वाजत होत्या. मागच्या खोलीत बसून त्यांनी नव्या कटरचं वेष्टन फाडलं. डोळस मदतनिसांसाठी खंडांच्या पाठीवर आत कुठून कुठवरची पानं आहेत ते शाईने लिहिलेलं असतं. त्यावरून त्यांनी दुसरा खंड बरोबर काढला आणि पानं मोजायला लागले. बाईंना कागदाचा एकेक आवाज ऐकू येत होता. दाराशी मोठ्या बाई उभ्या होत्या, त्यांचा श्वासही ऐकू येत होता.

"हं. एक्क्याऐंशी," साहेब म्हणाले आणि कटरचं पातं खट्कन पुढे आलं.

समोर बसलेल्या माणसाच्या हातात पुस्तक होतं आणि त्यातलं एक अक्षर त्याला दिसत नव्हतं. बाईंना ते सहन झालं नाही.

"साहेब, थांबा. ते पचन आहे. तुम्हाला हवा तो धडा चौथ्या खंडात आहे."

दारातून मोठ्या बाईंचा सुस्कारा आला, आणि मग त्यांच्या चपला दूर गेल्या. बघवलं नसावं.

साहेबांनी पातं आत घेतलं. "तुम्ही सांगितलं नसतं तर मला कळलं नसतं."

"म्हणून तर सांगितलं," बाई म्हणाल्या. त्यांनी चौथा खंड काढला, धडा उघडला आणि चित्रांचे चार ताव टेबलावर मांडले. "हा धडा, ही चित्रं. साचे त्या कपाटात आहेत. पण एक विनंती करू? कापायच्या आधी एकदा वाचा. डोळे मिटा आणि हात द्या इकडे."

साहेब ओशाळून हसले, पण त्यांनी हात दिला. बाईंनी त्यांची बोटं देवमाशाच्या खांद्यावर ठेवली. "दाबू नका. नुसतं चालायचं. हे एक हाड. आता पुढे?"

"दोन आहेत."

"पुढे?"

"खडे आहेत बारीक बारीक. आणि मग..." साहेबांची बोटं चालत राहिली, थांबली, मागे आली, पुन्हा गेली. पेपरमिंटच्या गोळ्या वाजायच्या थांबल्या. त्यांचा दुसरा हात कोटाच्या बाहीवरून सरकत कोपराशी गेल्याचं बाईंनी ऐकलं, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तो आवाज त्या ओळखत होत्या. दरवर्षी, प्रत्येक मुलाच्या वेळी, तो असाच येई.

"हा कुणाचा हात आहे?" साहेबांनी अगदी हळू विचारलं.

"देवमाशाचा."

"बाप रे," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "बाप रे!" मग म्हणाले, "माझी मुलगी आठवीत आहे. तिच्या पुस्तकात हे नाही."

साहेब उठले. कटर पुन्हा खट् झाला आणि कागद कापल्याचा आवाज आला, एक पान, दोन पानं. पण आवाज चौथ्या खंडाच्या बाजूने येत नव्हता.

"साहेब," बाई घाईने म्हणाल्या, "अहो, तुम्ही पचन कापताय!"

"बाई, आदेशात एक्क्याऐंशी ते चौऱ्याण्णव लिहिलंय."

"पण ते..."

"मला डोळे आहेत बाई. काय लिहिलंय ते मला दिसतंय, आणि मी काय कापतोय तेही दिसतंय. तुम्ही मला फसवलं नाही, मी साक्ष देईन. साच्यांबद्दल आदेशात काही नाही." पानांची चळत पिशवीत गेली. बूट दारापर्यंत करकरले, मग परत आले. "एक मागू? यातला एक ताव द्याल? घरी मुलगी आहे ना."

बाईंनी देवमाशाचा ताव गुंडाळून त्यांच्या हातात दिला. साहेबांनी तो पचनाच्या पिशवीत नाही, कोटाच्या आत घातला. ते गेल्यावर बाई कितीतरी वेळ दोन्ही हात चौथ्या खंडावर ठेवून बसून होत्या. चाळीस वर्षं लोकांना सांगत आल्या होत्या की डोळस माणसांना दिसत नाही म्हणून. आज एकाला दिसलं होतं, आणि आपल्याला ते ऐकू आलं होतं, याचंच त्यांना नवल वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात 'कशावरून'ने आधी दुसरा खंड उघडला आणि ओरडली, "बाई, पोटाच्या पुढचं सगळं गेलंय!"

"आदेशाप्रमाणे कापलंय. पुन्हा टाइप करून देईन. तोवर जेवलेलं आपोआप पचेल," बाई म्हणाल्या. वर्ग हसला. "आज चौथा खंड काढा."

देवमाशाचा नवा ताव सकाळीच यंत्रातून निघाला होता, अजून कोमट होता. बाईंनी तो मुलीसमोर ठेवला आणि सांगितलं, "हा देवमासा. याला हात आहे."

"कशावरून?"

बाईंनी तिचा हात तावावर ठेवला. मुलीची बोटं खांद्यावरून निघाली, दोन हाडांशी आली, खड्यांवर अडखळली, बोटांच्या टोकापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. मग बाहीवरून हात सरकल्याचा तो आवाज आला.

"बाई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका बारीक झाला होता की बाईंना वाकावं लागलं, "त्याला माहीत असेल का, माझ्याकडे पण त्याचा हात आहे म्हणून?"